फळ्यावर न लिहिलेले नियम कुणाच्या पोरांना आधीच ठाऊक असतात?

खानापूरची_वाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित-विज्ञान. सध्या इंटर्नशिप चालू आहे, बेळगावजवळच्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात. शाळेचं नाव सांगत नाही. एक तर तिथले शिक्षक मला फार चांगलं वागवतात, आणि दुसरं म्हणजे मी लिहिणार आहे ते त्या एकाच शाळेत घडतं असं अजिबात नाही.

आमच्या बी.एड.ला 'शैक्षणिक विषमता' हा प्रश्न हमखास येतो. आर्थिक, सामाजिक, लिंगाधारित, प्रादेशिक असे चार मथळे टाकायचे, प्रत्येकाखाली दोन मुद्दे, शेवटी आरटीई २००९ चा उल्लेख, झालं काम. ते चूक आहे असं नाही. पण वर्गात मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे पाठ बघायला लागले तेव्हा लक्षात आलं, की पोरं मागं पडायची सुरुवात फी-पुस्तकांच्या बरीच अलीकडं होते. पुस्तकं तर सरकार फुकट देतं.

साधी गोष्ट घ्या. पाठ संपला की आम्ही सगळेच विचारतो, "समजलं ना?" वर्ग म्हणतो, "होऽऽ". या प्रश्नाला 'नाही' म्हटलेलं चालतं, हे पोरांना कधी कुणी सांगितलंय? ज्या घरात बाप शिक्षक आहे किंवा बँकेत आहे, तिथलं पोर लहानपणापासून 'का' विचारत वाढतं. चार बोलणी खातं, पण उत्तर मिळवतं. आमच्या गावाकडं मोठ्या माणसाला 'मला समजलं नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या सांगण्यात खोट काढणं. घरी याला उलटं बोलणं म्हणतात आणि त्याबद्दल पाठीत धपाटा मिळतो. म्हणजे ते पोर गप्प बसतं तेव्हा त्याला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली वागणूक दाखवत असतं. आणि स्टाफरूममध्ये त्याच्या नावापुढं 'ठोंब्या' लागतं.

दुसरी गोष्ट मार्कांची. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीच्या बोर्ड परीक्षेला, ६२५ मार्क. पहिली भाषा १२५, बाकीचे पाच विषय शंभर-शंभर. त्यातले पहिल्या भाषेचे २५ आणि बाकीच्यांचे २०-२० शाळेच्या हातात. बेरीज केली तर १२५, म्हणजे एकूण मार्कांचा पाचवा हिस्सा. हे मार्क प्रकल्प, फाईल, उपक्रम, तोंडी यांवर पडतात. मला विज्ञानाच्या तपासून झालेल्या फाईली क्रमानं लावायला दिल्या होत्या. विषय पाण्याचं शुद्धीकरण. एक फाईल रंगीत प्रिंटची, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर. दुसरी वहीच्या पानांची, शिवणकामाच्या दोऱ्यानं टाचलेली. दुसऱ्या फाईलीतल्या पोरानं घरामागच्या विहिरीचं गढूळ पाणी फुटक्या मडक्यात वाळू, कोळसा आणि खडी घालून गाळलं होतं. एक तांब्याभर पाणी उतरायला किती वेळ लागला ते लिहिलं होतं. कोळसा वर घातला की खाली घातला यानं काय फरक पडला तेही लिहिलं होतं. चित्र वाकडं, अक्षर गिचमिड. रंगीत फाईल ज्याची, त्याला मी सहज विचारलं, "यातलं एवढं एक वाक्य समजावून सांग बघू." तो हसला आणि झेरॉक्सवाल्याचं नाव सांगितलं. मार्क अर्थातच त्याला जास्त होते, 'मांडणी व नीटनेटकेपणा' म्हणून.

शिक्षकांवर माझा राग नाही. त्यांच्याकडं ढीगभर फाईली आणि वर ऑनलाइन भरायची घाई. पण 'प्रकल्प करून आणा' एवढंच सांगितलं, तर त्यात प्रिंट काढायची असते, कव्हर लागतं, पहिल्या पानावर प्रस्तावना असते, हे न सांगता कुणाला कळतं? ज्याच्या थोरल्या बहिणीनं आधी केलंय, त्याला. ज्याच्या घरातलं ते शाळेत जाणारं पहिलंच पोर आहे, त्यानं कुठून आणायचं?

आणि आपल्याकडं हे सगळं तीन भाषांत चालतं. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं पहिलीपासून कन्नड सक्तीचं झालं. कन्नड शिकू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. मी शिकले, आणि इथं राहून नोकरी करायची तर ते लागणारच. पण बेळगावच्या बाजारात वाढलेल्या पोराच्या कानावर कन्नड रोज पडतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या, म्हणजे खानापूरच्या जंगलपट्टीतल्या पोरानं ते बसच्या पाटीवर वाचलं तर वाचलं. वर्गात मात्र धरून चालतात की ऐकून समजतं, फक्त लिहायला शिकवायचं आहे. कन्नडच्या तासाला ही पोरं मान खाली घालून फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवतात. अक्षर सुंदर येतं. अर्थ विचाराल तर विचारू नका.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या शाळेत अशी कुठली अपेक्षा होती जी कुणी कधी बोलून दाखवली नाही, पण पूर्ण झाली नाही की बोलणी बसायची? आणि इथं जे शिक्षक आहेत त्यांनी सांगावं, हे उघड करून सांगायची काही रीत आहे का?

---

वखारीजवळ

निपाणीचा. आई विड्या वळायची. वहीवर पालकाची सही आणा, हा रोजचा हुकूम. आईला सही यायची नाही, अंगठ्याची वही नेली की वर्ग फिदीफिदी हसायचा. शेवटी थोरल्या भावानं आईसाठी एक सही 'तयार' केली आणि आम्ही तिघं भावंडं दहावीपर्यंत तीच मारत गेलो. पुढं आईनं ती बघून गिरवायला घेतली. आज बँकेत तिचीच ती सही चालते!

कुणी मास्तरांनी एकदा विचारलं असतं की घरी वाचता येतं का, तर एवढी कलाकारी लागली नसती.

---

टिळकवाडी_पालक

धागा वाचला. भावना समजल्या, पण पटलं नाही. नीटनेटकेपणाला मार्क द्यायचे नाहीत का? वेळेवर येणं, स्वच्छ वही, नीट बोलणं, या अपेक्षा म्हणजे अन्याय कसा? उद्या मुलाखतीला गेल्यावर समोरचा माणूस 'तुझ्या घरी कोण शिकलंय' विचारून सूट देणार आहे का? शाळेनं बार खाली आणला की नुकसान त्याच पोरांचं होतं.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. माध्यम निवडायचा हक्क पालकांचा आहे असं सुप्रीम कोर्टानंही २०१४ मध्ये सांगितलं. लोक तिकडं का जातात? शिस्त दिसते म्हणून.

---

खानापूरची_वाट

@टिळकवाडी_पालक, सर, अपेक्षा ठेवू नका असं मी लिहिलेलं नाही. सांगा एवढंच म्हणतेय. मुलाखतीला टाय लागतो हे ज्याला माहीत आहे तो उसना आणून तरी बांधतो. ज्याला माहीतच नाही, त्याला बेशिस्त म्हणायचं का?

---

वडगाव_खटका

आमच्या घरी माग आहेत. तीन पोरी शाळेत. 'नेटवरून माहिती काढून लिहा' असं सांगतात तेव्हा घरात मोबाईल एक, तो ह्यांच्या खिशात, आणि हे रात्री नऊला येणार. पोरगी तोवर पेंगत बसते. बाईंना सांगायला गेले तर म्हणाल्या, आजकाल सगळ्यांकडं असतो हो. सगळ्यांकडं म्हणजे कुणाकडं ते मी काही विचारलं नाही.

आणि एक, रागावू नका कुणी. गॅदरिंगला रांगोळी आणि झाडलोट पोरींनी करायची, खुर्च्या पोरांनी उचलायच्या, भाषण मात्र ठरलेल्या चार घरांतल्या मुलांनी करायचं. हेही कुठं लिहिलेलं नसतं.

---

सीमावासी_५६

मूळ दुखणं सोडून फांद्या छाटत बसलात सगळे. १९५६ ला ही मराठी गावं म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात टाकली, सीमावादावरचा महाजन अहवाल आला १९६७ ला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. मराठी शाळांना शिक्षक नाहीत, परिपत्रकं कन्नडमध्ये. घटनेच्या ३५०अ कलमात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करा असं लिहिलंय, ते कोण पाळतंय? आधी हे सोडवा, मग फाईल आणि कव्हर बघू.

---

चंदगडी_मास्तर

@सीमावासी_५६, ३५०अ बद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण मी हद्दीच्या पलीकडं, महाराष्ट्रातच शिकवतोय. इथं परिपत्रक मराठीत येतं, पुस्तक मराठीत, मास्तर मराठी. तरी शेवटच्या बाकावर कोण बसतंय ते येऊन बघा. वाडीवरचं, गवळ्याचं, ऊसतोडीला गेलेलं. निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी त्या बाकावर तेच पोर असणार.

---

सीमावासी_५६

ते असेल. पण इकडं त्याच्यावर अजून एक ओझं आहे, एवढंच माझं म्हणणं.

---

चंदगडी_मास्तर

मान्य.

---

जुना_टीसीएच

धागाकर्ती बाई, छान लिहिलंय. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. उभा जन्म खानापूर तालुक्यात गेला, त्यातला बराच काळ एकशिक्षकी शाळेत. दोन-तीन गोष्टी सांगतो. टायपिंग मंद आहे, सांभाळून घ्या.

पहिलं उशिराचं. आमच्याकडं पहिली गाडी प्रार्थनेनंतर यायची. पावसाळ्यात तर ओढ्याला पाणी आलं की गाडीच नाही. आणि आमचा नियम असा की नाडगीत (कर्नाटकचं राज्यगीत) सुरू झाल्यावर जो येईल त्यानं बाहेर उभं राहायचं. रोज तीच सात-आठ पोरं बाहेर, भिजलेली. साहेब तपासणीला आले की विचारायचे, ही उनाड पोरं कोण? उनाड कसली, ती पाच वाजल्यापासून उठलेली असायची, शेण काढून आलेली. पुढं मी हजेरी पहिल्या तासाच्या शेवटी घ्यायला लागलो. पहिल्या तासाला गोष्ट नाहीतर चित्र, चुकलं तरी बुडणार नाही असं काहीतरी. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

रोपलावणीच्या दिवसांतही तसंच. जुलैत निम्मा वर्ग शेतात. त्याच आठवड्यात नवा धडा काढायचा आणि नंतर 'गैरहजर होतास, आता तुझं तू बघ' म्हणायचं. लावणी दरवर्षी येते. ती काही अचानक येणारी आपत्ती नव्हे. मग पाठाच्या नियोजनात ती का नको?

दुसरं, नली-कली या शिकवायच्या पद्धतीबद्दल नव्या पोरांना फारसं माहीत नसतं म्हणून लिहितो. १९९५ च्या सुमारास म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात शिक्षकांनीच मिळून ते सुरू केलं, मग राज्यभर गेलं. पहिली ते तिसरी एकत्र बसवायची, आणि प्रत्येक पोरासाठी कार्डांची एक शिडी. भिंतीवर ती शिडी लावलेली. कार्ड झालं की पोर स्वतः बघतं आपण कुठल्या पायरीवर आहोत, पुढचं चित्र कुठलं, ते एकट्यानं करायचं की गटात की मास्तरांजवळ बसून. त्याच्यावर टीका करण्यासारखं बरंच आहे. कार्डं फाटायची, नवी वेळेवर यायची नाहीत, मराठीतली तर आणखी उशिरा. पण एक गोष्ट मला फार आवडायची. पुढं काय करायचं हे मास्तरच्या मनात नव्हतं, भिंतीवर होतं. चार दिवस लावणीला गेलेलं पोर परत आलं की सरळ भिंतीकडं जायचं, आपलं कार्ड काढायचं आणि बसायचं. त्याला कुणाची माफी मागावी लागायची नाही. चौथीत गेलं की ती भिंत संपली. मग पुन्हा मास्तरच्या तोंडाकडं बघत बसायचं.

प्रकल्पाचं म्हणाल तर देतानाच फळ्यावर लिहा, वीस मार्क कशाकशाला. स्वतः करून बघितलं त्याला इतके, काय दिसलं ते लिहिलं त्याला इतके, तोंडी दोन प्रश्न विचारणार त्याला इतके. कव्हरला शून्य. शून्य मुद्दाम लिहायचं.

---

दुसरा_बाक

गुरुजी, 'कव्हरला शून्य' वाचून हसायला आलं. आमच्या वेळी असतं तर बाबांचे पैसे वाचले असते.

बी.एड.वाल्यांना माहीत असेल, रोझेंथाल आणि जेकबसन यांचा १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. अमेरिकेतल्या एका शाळेत शिक्षकांना सांगितलं की अमुक पोरं यंदा झपाट्यानं पुढं जाणार आहेत. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली, साधारण वीस टक्के मुलांची. वर्षाच्या शेवटी पहिली-दुसरीतली ती पोरं खरंच पुढं गेलेली दिसली. म्हणजे स्टाफरूममधल्या 'ठोंब्या'चा परिणाम होतोच.

---

आकडेमोड

त्या प्रयोगावर भरपूर वाद झालेत, तेवढं जोडून सांगतो. वरच्या वर्गांत तसा परिणाम दिसलाच नव्हता, आणि पुढच्या अभ्यासांत शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम सरसकट बघितला तर लहानच निघाला. शिक्षकाचा अंदाज बऱ्याचदा बरोबर असतो म्हणूनही तो खरा ठरतो. मात्र आधीच डावललेल्या गटांतल्या मुलांवर तो जास्त दिसतो असं काही अभ्यास म्हणतात. म्हणून 'अपेक्षा बदला, पोर बदलेल' हे पोस्टरवर ठीक आहे. त्यापेक्षा मेरी बड रो या बाईंचं १९७० च्या दशकातलं काम कामाचं. त्यांनी मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबायला लावलं तर उत्तरं लांब आली, आणि ज्यांना मठ्ठ समजत होते तीही बोलायला लागली. यात खर्च शून्य, जीआर लागत नाही.

---

पुण्यातला_नंदगडकर

माहिती ही सुद्धा न सांगितलेलीच गोष्ट असते. सीमाभागातल्या मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंग वगैरे प्रवेशासाठी वेगळी सोय आहे हे मला कळलं ते मामा कोल्हापुरात क्लार्क होता म्हणून. वर्गात माझ्यापेक्षा हुशार दोघं होते, त्यांना मामा नव्हता. एक आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर आहे, दुसरा गोव्याला. शाळेत दहावीच्या निकालानंतर एक तासभर कुणी बसून सांगितलं असतं, कुठला दाखला कुठून काढायचा, कधीपर्यंत, तर पुरे होतं.

अवांतर: नंदगडला पाऊस आहे का?

---

वडगाव_खटका

@पुण्यातला_नंदगडकर, दाखल्याचं पोरींना तर कुणीच सांगत नाही. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली म्हणून धाकटीला कॉलेजला पाठवायला घरचे तयार झाले, नाहीतर तेही नव्हतं. आता भांडण एवढंच, की पोरी दिसल्या की गाडी थांब्याच्या पुढं जाऊन थांबते.

---

टिळकवाडी_पालक

गुरुजींचा प्रतिसाद आवडला. शिडीचं पटलं. तरी शंका आहेच. निकष फळ्यावर लिहिले तर ज्यांच्या घरी शिकलेले पालक आहेत तेच त्याचाही जास्त फायदा घेणार. मी स्वतः घेईन, खोटं कशाला बोलू. मुलीला बसवून 'काय दिसलं ते लिही' म्हणून चार वेळा लिहायला लावेन.

---

जुना_टीसीएच

घ्या की. तुमच्या मुलीचं अक्षर सुधारलं म्हणून विहिरीवाल्या पोराचे मार्क कमी होत नाहीत. त्याचे मार्क आज कमी होतायत ते कव्हर नाही म्हणून. आणि तोंडी प्रश्नाच्या वेळी तुम्ही शेजारी नसणार.

---

खानापूरची_वाट

सगळ्यांचे आभार. आठवडाभर धागा बघायला जमलं नाही, निरीक्षण पाठ होते.

तीन सेकंद थांबून बघितलं. मनात मोजायला लागते तेव्हा ते फार लांब वाटतात, पहिल्यांदा तर वर्गालाच वाटलं की बाई पुढचं विसरल्या. पण पुढच्या बाकावरचे नेहमीचे हात खाली गेल्यावर मधल्या रांगेतून एक मुलगी बोलली. उत्तर अर्धवट, बोलणं घरच्या मराठीत. वर्ग हसायच्या आत मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि पुढचा अर्धा भाग दुसऱ्यांकडून काढला.

'समजलं ना' बंद केलं. त्याऐवजी तास संपताना चिठ्ठी मागते, 'कुठं अडलं ते लिहा, नाव नको'. पहिल्या खेपेला बहुतेक कोऱ्या. एकावर 'सगळं समजलं धन्यवाद'. मग मी एक चिठ्ठी वाचून दाखवली आणि तेवढाच भाग पुन्हा शिकवला, तेव्हापासून येताहेत. कालची एक अशी: 'तुम्ही घनता फार बारीक लिहिता, खिडकीच्या उजेडानं मागून दिसत नाही'. विज्ञानाची शंका समजून उघडली तर फळ्याची निघाली. मागच्या दोन बाकांना हे वर्षभर दिसत नसणार.

@आकडेमोड, पोस्टरचं बरोबर आहे. आमच्या कॉलेजच्या जिन्यात तेच लावलंय.

@वडगाव_खटका ताई, मोबाईलचं मी वर्गात हात वर करायला लावून विचारणार नाही, तेही चिठ्ठीवर विचारते. निदान माझ्या विषयाला 'नेटवरून' हा शब्द निघेल.

@जुना_टीसीएच, गुरुजी, निकष फळ्यावर लिहायची कल्पना विज्ञानाच्या सरांना सांगितली. ते म्हणाले, चांगलं आहे, पण फाईली तपासणीला वर मागवतात आणि तिथं कव्हर बघतात. त्यांचंही खरं आहे. म्हणून आता असं ठरतंय की शाळेनंच कार्ड पेपर आणून सगळ्यांच्या फाईलीला एकसारखं कव्हर घालायचं, म्हणजे तो विषय मिटला. खर्च कोण करणार हे एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) सभेत येईल. सभा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आहे, मला बसायला परवानगी दिली आहे. एका फाईलीला साधारण किती खर्च येतो याचा अंदाज इथं कुणाला आहे का?

---

वखारीजवळ

निपाणीत होलसेलवाल्याकडं विचारून सांगतो. शंभरच्या वर घेतलेत तर कमी लावेल. किती पोरं आहेत?